‘पॅरा’ एकच की तीन? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या महिन्यात इंग्रजी शब्दांना पुढून लागणाऱ्या तुकड्यांबद्दल, म्हणजे प्रीफिक्सबद्दल थोडंसं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की कुठला तुकडा अडला असेल तर कळवा. पत्रं आली, मेल आले, आणि त्यात ‘पॅरा’ इतक्या जणांनी विचारलाय की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. प्रश्न थोडे छोटे केलेत, बाकी ज्याचे त्याच्या शब्दांत.

प्रश्न: मी एमपीएससी करतोय. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये प्रीफिक्सची लिस्ट आहे, त्यात ‘पॅरा म्हणजे बाजूला, जवळ’ एवढंच दिलंय. पॅरलल, पॅराग्राफ ठीक बसतात, पण पॅराशूट म्हणजे बाजूला काय? आणि पॅरापेट, पॅरासोल? सरांना विचारलं तर म्हणाले एक्सेप्शन आहेत, पाठ कर. (इस्लामपूर)

उत्तर: मित्रा, तुला शंका आली हे फार बरं झालं, कारण ते एक्सेप्शन नाहीतच. तो वेगळाच ‘पॅरा’ आहे. दिसायला सारखा, स्पेलिंग तेच, पण घर वेगळं. आपल्याकडे एकाच आडनावाची दोन कुटुंबं एकाच गल्लीत राहतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, पोस्टमन मात्र पत्रं इकडची तिकडे टाकतो, तसं तुमच्या नोट्सचं झालंय.

पहिला ‘पॅरा’ ग्रीक. त्याचा अर्थ शेजारी, लगत, आणि तिथूनच पुढे सरकत ‘पलीकडे’, ‘सोडून’, ‘उलट’ असाही होतो. पॅराग्राफ बघ. ग्राफ म्हणजे लिहिणं, रेघ काढणं. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मजकूर सलग लिहायचे, मध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती, मग जिथे बोलणारा बदलला किंवा विषय बदलला तिथे समासाकडे एक छोटी आडवी रेघ मारायचे. मजकुराच्या शेजारची रेघ, तो पॅराग्राफ. नंतर रेघ गेली, जागा सोडायची पद्धत आली, पण नाव तेच राहिलं आणि आज आपण ‘तीन पॅरे लिही’, ‘इथे पॅरा पाड’ असं बिनधास्त मराठीत चालवतो.

दुसरा ‘पॅरा’ इटालियनमधून आणि फ्रेंचमधून आला. तिकडे ‘पारारे’ असं क्रियापद आहे, मुळात लॅटिन, अर्थ तयारी करणे, आणि तयारीवरून पुढे ‘वार अडवणे, थोपवणे’. फुटबॉलची कॉमेंट्री ऐकत असशील तर गोलकीपरने बॉल ‘पॅरी’ केला असं म्हणतात, तोही ह्याच घरातला. आता शब्द लाव. सोल म्हणजे सूर्य, ऊन, तर पॅरासोल म्हणजे ऊन अडवणारी छत्री. फ्रेंचमध्ये पावसाच्या छत्रीला ‘पाराप्लुई’ म्हणतात, प्लुई म्हणजे पाऊस. तेच वीज अडवणारा ‘पारातोनेर’, म्हणजे इमारतीवरचा लाइटनिंग कंडक्टर. पोर्तुगीजमध्ये गाडीच्या पुढच्या काचेला वारा अडवणारी आणि बंपरला धक्का अडवणारा म्हणतात आणि दोन्ही शब्द ‘पारा’नेच सुरू होतात. आणि शूट म्हणजे फ्रेंचमध्ये पडणं, कोसळणं. तेव्हा पॅराशूट म्हणजे पडणं अडवणारं. १७८३ च्या डिसेंबरमध्ये लुई-सेबास्तियाँ लनॉर्माँ नावाच्या फ्रेंच माणसाने माँपेलिए शहरातल्या वेधशाळेच्या मनोऱ्यावरून असल्या साधनाने उडी मारून दाखवली आणि हे नावही त्यानेच पाडलं. आपल्याकडे जुनी माणसं पॅराशूटला हवाई छत्री म्हणायची. बघ, फ्रेंचांनी ऊन-पावसाच्या छत्रीच्या धर्तीवर नाव ठेवलं आणि आपण थेट छत्रीच म्हटलं, दोघांच्या डोळ्यांपुढे चित्र एकच.

पॅरापेट मला स्वतःला फार आवडतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीचं काम निघालं होतं तेव्हा मिस्त्री सारखे ‘पॅराफिट, पॅराफिट’ म्हणत होते, पॅराफिटला आतून प्लास्टर, पॅराफिटला वरून उतार. मी वर बघायला गेले आणि सहज त्या कठड्याला टेकून खाली वाकले तर कठडा बरोबर छातीशी आला आणि एकदम लख्ख आठवलं, पेट्टो म्हणजे इटालियनमध्ये छाती! पॅरापेट हा मुळात किल्ल्याच्या तटावरचा शब्द, आडोशाला उभ्या शिपायाच्या छातीचं रक्षण करणारी भिंत. नंतर लढाया गेल्या आणि शब्द आपल्या गच्चीवर येऊन राहिला. त्या शब्दात ‘बाजूला’ शोधत बसलास तर सापडणार कसा.

तर नोट्समध्ये एवढीच दुरुस्ती कर: पॅरा एक, ग्रीक, शेजारी. पॅरा दोन, इटालियन-फ्रेंच, अडवणारा. तिसराही आहे, तो खाली येतोय. आणि चांगल्या डिक्शनरीत शब्दाच्या नोंदीच्या शेवटी किंवा सुरुवातीला बारीक अक्षरात त्याचं मूळ दिलेलं असतं, ते वाचायची सवय लाव, पाठांतर निम्म्याने कमी होतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं बघितलंय.

प्रश्न: मुलाला ताप होता म्हणून रक्त तपासलं. रिपोर्टवर टायफॉइडच्या दोन ओळी आणि खाली ‘पॅराटायफी’ असं लिहिलेल्या दोन ओळी होत्या. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिली. सासूबाई म्हणाल्या पॅरालिसिसशी याचा काही संबंध नाही ना गं. मी हसले नाही, कारण मलाही उत्तर माहीत नव्हतं. (नाशिक)

उत्तर: ताई, आधी सासूबाईंना सांगा की काही संबंध नाही, निश्चिंत राहा. त्यांचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे, दवाखान्याच्या कागदांवर ‘पॅरा’ इतक्या ठिकाणी छापलेला असतो की माणसाच्या मनात येणारच.

तो रिपोर्ट विडाल टेस्टचा असणार. फेर्नां विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९६ साली ही तपासणी आणली, तिचं नाव आजही आपल्या गल्लीतल्या लॅबच्या कागदावर छापून येतं. वरच्या दोन ओळी टायफॉइडच्या जंतूच्या, खालच्या दोन म्हणजे एएच आणि बीएच, त्या पॅराटायफॉइडच्या ए आणि बी जंतूंच्या. इथे पॅरा ग्रीक, शेजारचा, टायफॉइडच्या शेजारचा आजार. म्हणजे लक्षणं तशीच पण जंतू दुसरा. आणि गंमत अशी की टायफॉइड हे नावही असंच शेजाऱ्यावरून पडलंय, टायफस नावाचा एक वेगळा ताप होता, त्याच्यासारखा दिसतो म्हणून टायफॉइड, आणि मग टायफॉइडसारखा दिसतो म्हणून पॅराटायफॉइड. आपल्या आज्या सगळ्यालाच मुदतीचा ताप म्हणायच्या. अर्थात त्या आकड्यांवरून घरी निष्कर्ष काढू नका, ते डॉक्टरांवर सोडा.

पॅराथायरॉइड हा शब्दही कधीतरी दिसेल. थायरॉइडच्या मागच्या बाजूला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार गाठी असतात, त्या शरीरातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवतात. थायरॉइडच्या शेजारच्या, म्हणून पॅराथायरॉइड. काम मात्र पूर्ण वेगळं, त्यामुळे एकाच्या गोळ्या दुसऱ्याला चालत नाहीत.

आता पॅरासिटामॉल. हा शब्द म्हणजे एका लांबलचक रासायनिक नावाचे कापून जोडलेले तुकडे, पॅरा-असिटिल-अमिनो-फिनॉल. आणि ह्याच नावातले दुसरे तुकडे उचलून अमेरिकेत त्याच औषधाला असिटामिनोफेन म्हणतात, त्यामुळे मुलगा किंवा मुलगी तिकडे असेल आणि फोनवर म्हणाली की इथे पॅरासिटामॉल मिळत नाही, तर असिटामिनोफेन माग म्हणून सांगा, गोळी तीच. ह्यातला पॅरा समजायला घड्याळ डोळ्यांपुढे आणा. बेन्झीनचा रेणू सहा कोपऱ्यांचा असतो. एका कोपऱ्यावर, समजा बाराच्या जागी, एक गट जोडलाय. दुसरा गट लगतच्या कोपऱ्यावर आला तर त्याला ऑर्थो म्हणतात, एक सोडून आला तर मेटा, आणि थेट समोर, सहाच्या जागी आला तर पॅरा. म्हणजे केमिस्ट्रीत पॅराचा अर्थ शेजारचा नाही, समोरचा! शब्द ग्रीकच आहे, पण केमिस्ट लोकांनी त्याला आपल्या कामापुरता अर्थ ठरवून दिला. शॅम्पूच्या बाटलीवर ‘पॅराबेन फ्री’ लिहिलेलं असतं तो पॅराही हाच.

आणि पॅरालिसिस. लिसिस म्हणजे सुटणं, सैल होणं, डायलिसिसमधलाच लिसिस. एका बाजूचं अंग सैल पडलं, ताबा सुटला, असा त्या ग्रीक शब्दाचा भाव. आपण म्हणतो अंगावरून वारं गेलं. तिकडे गाठ सुटली म्हणाले, इकडे वारं गेलं म्हणाले, दोघांनीही त्या माणसाकडे नीट बघूनच शब्द केलाय असं मला वाटतं.

प्रश्न: मी पॅराशूट रेजिमेंटमधून रिटायर झालो. टीव्हीवर पॅरालिंपिक चालू असताना नातू म्हणाला, आजोबा तुम्ही पॅरामध्ये होता ना, मग तुम्ही पॅरालिंपिकला का नाही गेलात? मला त्याला नीट समजावून सांगायचंय. (सातारा जिल्हा)

उत्तर: काका, नातवाला शाबासकी द्या, त्याने दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवून बघितले, मोठी माणसं तेवढंही करत नाहीत.

त्याला सांगा, तुमच्या रेजिमेंटचा पॅरा म्हणजे पॅराशूटचं तोंडातोंडी झालेलं छोटं रूप. म्हणजे वर सांगितला तो ‘अडवणारा’. पॅरा कमांडो, पॅराट्रूपर, आणि सैन्याबाहेर कामशेत-पाचगणीला चालतं ते पॅराग्लायडिंग, तारकर्लीला आणि गोव्याला समुद्रावर चालतं ते पॅरासेलिंग, हे सगळे पॅराशूटवरून निघालेत. खरं तर पॅराशूटचा ‘पडणं’ हा अर्धा भाग गळून गेला आणि नुसता ‘अडवणारा’ उरला, पण ऐकणाऱ्याला आता त्यात आकाश, उडी आणि मरून रंगाची बेरे टोपी दिसते. आणि त्याला हेही सांगा, तुम्हाला तर माहीत असणारच, की ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशच्या लढाईत टांगाईलला विमानांतून उतरलेली २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन.

पॅरालिंपिकची गोष्ट वेगळी आहे आणि ती मुलांना सांगावीच अशी आहे. लुडविग गुटमन नावाचे ज्यू न्यूरोलॉजिस्ट नाझी जर्मनीतून निसटून १९३९ साली इंग्लंडला आले. युद्धात पाठीच्या कण्याला मार बसलेले, कमरेखाली निर्जीव झालेले सैनिक स्टोक मॅन्डेव्हिलच्या हॉस्पिटलात त्यांच्याकडे यायचे. त्या काळी असा पेशंट म्हणजे अंथरुणात पडून राहायचा असाच समज होता, गुटमननी त्यांना व्हीलचेअरवर बसवून खेळायला लावलं. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होतं त्याच दिवशी, त्यांनी हॉस्पिटलच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांची, त्यात स्त्रियाही होत्या, तिरंदाजीची स्पर्धा घेतली. तिथून हे खेळ १९६० साली रोमला पोचले, २३ देश आणि ४०० खेळाडू.

अशा पेशंटला पॅराप्लेजिक म्हणतात. पॅरा ग्रीक, आणि पुढचा तुकडा म्हणजे तडाखा. पॅराप्लेजिक आणि ऑलिंपिक ही दोन नावं एकमेकांत घुसवून पॅरालिंपिक शब्द झाला. पण पुढे १९७६ ला टोरांटोमध्ये हात-पाय गमावलेले आणि दृष्टिहीन खेळाडूही आले, ते काही पॅराप्लेजिक नव्हते, मग नाव तेच ठेवून अर्थ बदलला. आता पॅरा म्हणजे ‘बरोबरीने’, ऑलिंपिकच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून चालणारी स्पर्धा. शब्द तोच राहिला आणि आतला माणूस बदलला, आणि मला तरी वाटतं चांगलाच बदलला.

आता तुमच्या नातवासाठी. मुरलीकांत पेटकर, आपल्या सांगली जिल्ह्यातले, सैन्याच्या ईएमई ह्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलं. तेच पेटकर १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंद अशी वेळ देऊन पहिले आले, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक ते. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडावं लागलं, ह्याचं वाईट वाटतं. पुण्यात खडकीला सैनिकांचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, तिथेही व्हीलचेअरवर खेळ चालतात. तर नातवाला म्हणावं, शिपाई पॅराचा असू शकतो आणि पॅरालिंपिकचाही असू शकतो, पण ती दोन वेगळी ‘पॅरा’ आहेत.

एक आणखी मजेशीर गाठ सांगते. पॅरामेडिक हा शब्द अमेरिकन सैन्यात १९५० च्या सुमारास आला तेव्हा त्याचा अर्थ होता पॅराशूटने उतरणारा वैद्यकीय मदतनीस! आज अॅम्ब्युलन्समधला जो पॅरामेडिक आपण म्हणतो तो मात्र पॅरामेडिकलवरून, डॉक्टरांच्या बरोबरीने काम करणारा. एकाच शब्दाला दोन्ही पॅरा लागून गेलेत.

प्रश्न: माझा भाऊ सीआरपीएफमध्ये आहे. पेपरात नेहमी ‘निमलष्करी दल’ छापतात. निम म्हणजे अर्धा. अर्धं लष्कर म्हणजे काय? आईला ते वाचून वाईट वाटतं. पॅरामिलिटरीचा अर्थ खरंच अर्धा असा होतो का? (बीड)

उत्तर: नाही होत. आईंना हे उत्तर वाचून दाखवा.

पॅरामिलिटरीमधला पॅरा ग्रीक आहे, लष्कराच्या बाजूने, लष्कराच्या धर्तीवर उभं केलेलं दल. त्यात अर्धा-पाऊण काही नाही. मराठीत आणताना आपण ‘निम’ लावला, जो फारसीतून आलेला आहे आणि ज्याचा अर्थ खरोखरच अर्धा, निम्मा. निमसरकारी, निमशहरी, निमगोरा ह्यांत तो बरोबर बसतो, कारण तिथे खरंच थोडं हे आणि थोडं ते असतं. इंग्रजीत अशा ठिकाणी सेमी म्हणतात. पण सेमी आणि पॅरा ह्या दोघांना एकच मराठी शब्द लावल्यामुळे सीमेवर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला उगाच अर्धेपण आलं. पॅरामेडिकलला सुद्धा निमवैद्यकीय म्हणतात, मला तेही खटकतं, रात्रभर वॉर्डात उभ्या असलेल्या टेक्निशियनचं काम अर्धं कसं? ‘सह’ किंवा ‘पूरक’ असा शब्द कुणी रुळवला असता तर बरं झालं असतं. सरकारी कागदांत आता सीआरपीएफ, बीएसएफ वगैरेंना केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं म्हणतात, ते नाव लांब आहे पण त्यात कुणी अर्धा नाही. पेपरवाल्यांनीही तेच वापरावं असं माझं मत.

प्रश्न: संस्कृतच्या तासाला ‘प्र, परा, अप, सम्’ असे उपसर्ग पाठ केले होते. तो परा आणि इंग्रजीतला पॅरा एकच का? पॅराडाइजमध्येही तोच आहे का? (ठाणे)

उत्तर: संस्कृतचा परा आणि ग्रीक पॅरा हे लांबचे भाऊ आहेत, एकाच जुन्या मुळाची पोरं, पण वाटा वेगळ्या झाल्या. आपला परा ‘दूर, उलट’ ह्या अंगाने गेला, पराजय, पराभव, पराङ्मुख. त्यामुळे एकावरून दुसऱ्याचा अर्थ काढायला जाऊ नका, फसाल.

पॅराडाइज मात्र सोनं आहे. हाच तो तिसरा पॅरा, जो वर सांगते म्हटलं होतं. हा ग्रीक नाहीच, इराणी आहे. पारशांच्या अवेस्ता ह्या धर्मग्रंथात ‘पइरि-दएझ’ असा शब्द येतो, पइरि म्हणजे सभोवती आणि दएझ म्हणजे भिंत, सभोवती भिंत घातलेली जागा. इराणच्या राजांच्या अशा भिंतीतल्या बागा असत, झाडं, पाणी, शिकारीसाठी प्राणी. ग्रीक लेखक झेनोफन त्या बागांचं वर्णन करताना हा शब्द ग्रीकमध्ये घेऊन आला, आणि ग्रीक कानांना पॅरा ओळखीचा, म्हणून पइरिचं पॅरा झालं. पुढे बायबलच्या ग्रीक भाषांतरात ईडनच्या बागेला हाच शब्द वापरला आणि भिंतीतली बाग थेट स्वर्गात जाऊन पोचली. अरबीतून फिरून आलेला फिरदौस हाही तोच शब्द.

आणि तो पइरि म्हणजे आपला सख्खा ‘परि’! परिसर, परिघ, परिक्रमा, परिसीमा, सगळ्यांत ‘सभोवती’ आहे. ग्रीकमध्ये त्याचा जोडीदार पेरि, जो पेरिस्कोप आणि पेरिमीटरमध्ये दिसतो. म्हणजे पॅराडाइजच्या पॅराला संस्कृतातला भाऊ शोधायचा तर परा नव्हे, परि.

आपण इंग्रजीला नावं ठेवतो, पण आपल्याकडेही हुबेहूब हेच आहे बघा. पराजयमध्ये परा हा उपसर्ग आहे. पराधीन आणि परावलंबीमध्ये परा नाहीच, ‘पर’ म्हणजे दुसरा, अधिक ‘अधीन’, अधिक ‘अवलंबी’, संधी होऊन आकार लांबला. आणि परागंदा? तो तर फारसी, विखुरलेला ह्या अर्थाचा आख्खा शब्द, तिथे तोडायला काही नाही. तीन शब्द, सुरुवात एक, घरं तीन. मराठी मूल हे कधी पाठ करत नाही, त्याला पराधीन आणि पराजय यांची गल्लत होत नाही, कारण शब्द त्याने वापरातून घेतलेत.

प्रश्न: पॅरासाइटला मराठीत परजीवी म्हणतात. उच्चारातलं साम्य मुद्दाम आणलंय का? (रत्नागिरी)

उत्तर: योगायोग आहे. परजीवीमधला पर म्हणजे दुसरा, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. पॅरासाइटमधला साइट म्हणजे ग्रीकमध्ये धान्य, अन्न, म्हणून पॅरासाइट म्हणजे ‘जेवताना शेजारी बसलेला’. आणि सुरुवातीला ही शिवी नव्हतीच! अथेन्समध्ये देवळातल्या यज्ञानंतर पुजाऱ्यांबरोबर पंक्तीला बसण्याचा मान काही निवडक नागरिकांना असायचा, त्यांना हे नाव होतं. मग त्यांच्या नाटकांत श्रीमंताच्या घरी गोड बोलून रोज जेवायला येणारा फुकट्या असा तो झाला, आणि त्याच्याही खूप नंतर शास्त्रज्ञांनी जंत आणि गोचिडांना तेच नाव लावलं. तुमच्या रत्नागिरीत आंब्याच्या फांदीवर बांडगूळ वाढतं, त्याची पानं वेगळीच हिरवी दिसतात, पावसाळ्याआधी माणसं चढून ते छाटतात. आपणही बांडगूळ माणसाला म्हणतो, फक्त आपला शब्द झाडावरून माणसाकडे आला आणि त्यांचा माणसावरून किड्याकडे गेला.

ह्याच ग्रीक पॅराचा आणखी एक, पॅरानोइया. नोइया मनावरून. मन शेजारी सरकलं. आपण म्हणतो ना, ‘त्याचं डोकं ठिकाणावर नाही’, अक्षरशः तेच.

प्रश्न: पेरेंट, परेड, पॅरामाउंट, पॅराफिन यांत कुठला पॅरा? (तिघा-चौघांनी विचारलंय)

उत्तर: पटकन सांगते. पेरेंटमध्ये कुठलाच नाही, लॅटिनमध्ये जन्म देणे ह्या अर्थाचं क्रियापद आहे त्यावरून. परेड त्या ‘पारारे’वरून, पण तयारी ह्या मूळ अर्थाने. पॅरामाउंट जुन्या फ्रेंचमधून, ‘पार’ म्हणजे वाटेने आणि पुढे डोंगर, वर चढत गेलेला, म्हणून सर्वोच्च. आणि मेणबत्तीतलं पॅराफिन हे १८३० साली कार्ल फॉन राइखेनबाख यांनी लाकडाच्या डांबरातून वेगळं काढलं, ते कुठल्याच रसायनाशी सहजी संयोग पावत नाही म्हणून लॅटिन ‘पारुम’ म्हणजे फारच थोडी आणि ‘आफिनिस’ म्हणजे सोयरीक, असं जोडून नाव केलं, फारशी कुणाशी सोयरीक नसलेलं. ते तोडायचं तर पॅर आणि अफिन असं तोडा.

प्रश्न: मी सातवीत आहे. पॅरललच्या स्पेलिंगमध्ये माझे एल नेहमी चुकतात, दोन आधी की दोन नंतर? आणि पॅरालिसिसमध्ये एकच का? (कराड)

उत्तर: बाळा, शब्द फोडून बघ, मग चुकणार नाही. पॅरललमध्ये पॅराच्या पुढे आहे ‘अल्लेल’, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ एकमेक. एकमेकांच्या शेजारी, म्हणून समांतर. त्या अल्लेलमध्येच आधी दोन एल चिकटून आहेत आणि शेवटी एक, तसेच्या तसे स्पेलिंगमध्ये आलेत. लक्षात ठेवायला, मधले दोन एल म्हणजे एकमेकांशेजारी उभ्या दोन समांतर रेघा, कागदावर काढून बघ, दिसतातच तशा. आणि पॅरालिसिसमध्ये पुढचा शब्द लिसिस, त्यात एकच एल, म्हणून तिथे एकच. डायलिसिस आणि अॅनालिसिस लिहितानाही हेच.